उष्टा दोरा

आमच्या शिवणखोलीतून गेलेलं काम परत येत नाही, असं मी चारचौघांत छाती ठोकून सांगायचे. एकदाच आलं. का आलं आणि पुढे काय झालं, ते सांगायला बसले आहे.

आम्ही गोधड्या शिवतो. माणसांच्या नव्हे, यानांच्या. लोकांना वाटतं, आभाळात जाणारी यंत्रं लोखंडाच्या कारखान्यात जन्मतात. जन्मत असतील. पण जन्मल्यावर त्यांना गुंडाळायला बाईच लागते. वर उन्हात भाजतं आणि सावलीत गोठतं, म्हणून यंत्राच्या अंगावर चमचमत्या पातळ पडद्याचे वीस-वीस थर चढवायचे, दर दोन थरांमध्ये जाळी घालायची आणि सगळं हातानं टाचायचं. मशीन चालत नाही. मशीन थर दाबतं, आणि दाबले की ऊब पळते. हे मला कुणी शिकलेल्यानं सांगितलं नाही, पहिल्याच वर्षी मीच त्यांना सांगितलं. त्यांनी सहा महिने मापं घेतली आणि मग म्हणाले, काकू, तुमचं बरोबर निघालं. म्हटलं, निघायचं काय त्यात, होतंच.

खोली माझ्या मुलाच्या नावावर आहे, हुकूम माझा. बाहेरच्या भागात तो साच्यावर पडदे कापतो. मधे एक चिंचोळी जागा, तिथे टोपी, मास्क, हातमोजे आणि पांढरा झगा चढवायचा. मग आतली पांढरी खोली. तिला खिडकी नाही. छतातून गाळलेली हवा सारखी खाली येत असते, तिचा आवाज झोपलेल्या माणसाच्या श्वासासारखा येतो. आत तीन खुर्च्या. एक माझी. एक माझ्या थोरल्या नणंदेची. वन्सं डाव्या कानानं ठार बहिऱ्या आहेत आणि उजवा कान सोयीप्रमाणे वापरतात. तिसरी खुर्ची माझ्या सुनेची होती.

सुनेचा टाका माझ्यापेक्षा बारीक होता. हे मी तिला अकरा वर्षांत एकदाही सांगितलं नाही. सुनेचं कौतुक केलं की ती डोक्यावर बसते, असं माझी सासू म्हणायची. सासूचं मला काडीचं पटायचं नाही, नेमकं एवढंच पटलं.

तिची एकच खोड होती. सुईत दोरा ओवताना टोक तोंडात घालायची, ओठांत दाबून चपटं करायची आणि जीभ टाळ्याला लावून सोडायची. च्. एवढाच आवाज. काम संपलं की दातानं तोडायची. घरोघरी बायका हेच करतात, पण पांढऱ्या खोलीत ते चालत नाही. तिथे दोऱ्याचं टोक कात्रीनं तिरपं कापायचं, भिंगाखाली धरायचं आणि देवाचं नाव घेऊन ओवायचं. पहिल्या दोन महिन्यांत मी तिला इतकं टोचून बोलले की खोड मोडली. "उष्टा दोरा माझ्या खोलीत चालणार नाही," हे वाक्य तिनं किती वेळा ऐकलं असेल, तिलाच ठाऊक. घरी शर्टाचं बटण लावताना मात्र स्वयंपाकघरापर्यंत आवाज यायचा. च्.

ते मोठं काम आलं तेव्हा सून होती. काम घेऊन आली ती तपासणी करणारी बाई. तरुण आहे, चष्मा आहे, आणि दोन टाक्यांमधलं अंतरसुद्धा पट्टी लावून बघते, म्हणून आम्ही तिला आपसात मोजपट्टी म्हणतो. तोंडावर मॅडम. तिनं टेबलावर नकाशा पसरला आणि म्हणाली, "काकू, हे यान सूर्याच्या राज्याबाहेर जाणार. परत यायचं नाही. पुढे ताऱ्यांकडे."

"कुठल्या ताऱ्याकडे?" मी विचारलं. पाहुणा कुणाकडे निघालाय हे माहीत असलेलं बरं.

"अमुकच असं नाही. पण एखाद्या ताऱ्याच्या जवळपास जायला याला सत्तर हजार वर्षं लागतील."

"सतरा?" वन्सं म्हणाल्या.

"सत्तर हजार, वन्सं!"

"अगं बाई. मग डबा बांधून द्या हो कुणीतरी."

मोजपट्टी हसली. सून हसली नाही. ती नकाशाच्या कडेकडे बघत होती, जिथे रेघ नुसतीच पुढे जाऊन कागद संपत होता. म्हणाली, "मॅडम, माणूस जाईल का हो तिथं कधी?"

"तुला कशाला पंचायती?" मी म्हटलं. "तुला नाक्यापलीकडे एकटीला जाववत नाही. दवाखान्यात जायचं तरी नवऱ्याचा हात लागतो."

"मी कुठे म्हणतेय मी जाते? सहज विचारलं."

मोजपट्टीनं चष्मा पुसला. एरवी फटकन बोलणारी बाई, पण या प्रश्नावर थांबली. "मला विचाराल तर नाही. मी लहानपणापासून हाच प्रश्न घेऊन शिकले, आणि जितकं शिकले तितकं उत्तर लांब गेलं. माणूस म्हणजे नुसता माणूस नाही ना. त्याच्याबरोबर पाणी जायला हवं, हवा, अन्न, माती..."

"आणि भांडणं," वन्सं म्हणाल्या. अशा वेळी त्यांना बरोबर ऐकू येतं.

"भांडणंसुद्धा. एवढा पसारा घेऊन निघालंच कुणी, तरी पोचणार ती त्यांची दोन हजारावी पिढी. तिला कशाला आठवेल आपण कुठून निघालो ते?"

"म्हणजे आपलं काहीच जाणार नाही?" सून म्हणाली.

"काही जाताच कामा नये. केस नको, घाम नको, कातडीचा कण नको. वाटेत एका बर्फाळ गोळ्याजवळून जायचंय, तिथे आपली घाण सांडायची नाही. आणि दुसरं म्हणजे डोळा." तिनं नकाशाच्या कोपऱ्यातल्या यानाच्या चित्रात कॅमेऱ्यावर बोट ठेवलं. "तिकडे पोकळीत ओलाव्याचे, तेलाचे कण सुटतात आणि काचेवर जाऊन बसतात. एक थेंब पुरतो. यान आंधळं होतं. पुसायला कुणी जाणार नाही."

त्या डोळ्याभोवती बसवायची झालर असते. बाळाच्या टोपड्यासारखी दिसते, म्हणून आमच्याकडे तिला टोपडं म्हणतात. सगळ्यांत नाजूक काम तेच. ते मी सुनेला दिलं. तिच्याइतकं ते कुणाला जमलं नसतं म्हणून दिलं. तोंडानं म्हटलं, "मला वेळ नाही, तू कर, आणि मान खाली घालून कर."

टोपडं पूर्ण झालं त्या आठवड्यात सून गेली. मंगळवारी कामावरून आली ती आडवी झाली, शुक्रवारी नव्हती. छातीत पाणी भरलं होतं. डॉक्टर म्हणाले, आठ दिवस तरी अंगावर काढलंय. मुलाकडे बघून म्हणाले. मुलगा म्हणाला, ती बोललीच नाही कुणाला. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते.

महिनाभर खोली बंद होती. मग उघडली. काम थांबून कसं चालेल? तिसरी खुर्ची मी बाहेर काढायला सांगितली, मुलानं काढली नाही. मी पुन्हा सांगितलं नाही. इतक्या वर्षांत माझं न ऐकण्याची त्याची ती पहिली वेळ, आणि मला रागही आला नाही.

आवाज पहिल्यांदा आला तो दुपारी. जेवून आम्ही दोघी नुकत्याच आत बसलो होतो. मी एका लांब पट्टीची कड टाचत होते. खोलीत हवेचा तेवढा श्वास. आणि माझ्या उजव्या हाताला, तिसऱ्या खुर्चीकडून, च्.

मी मान वर केली नाही. शिवणारीनं टाका अर्धा असताना मान वर करायची नसते. टाका पूर्ण केला, मग पाहिलं. खुर्ची होती तशी. म्हटलं, छताची जाळी वाजली असेल. वाजते कधीकधी. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग रोज. दुपारी एकदा, कधी दोनदा. सुई ओवायला जेवढा वेळ लागतो तेवढ्याच अंतरानं.

मी भुताखेतांना घाबरणारी नाही. घरातल्या जिवंत माणसांनी जेवढं छळलं त्याच्यापुढे मेलेली माणसं म्हणजे सोयरीच. पण हे छळणं नव्हतं. तिनं काही पाडलं नाही, हलवलं नाही. ती नुसती काम करत होती. तेच मला सहन होईना. वाटायचं, बोल ना बाई काहीतरी, शिव्या तरी घाल.

एक दिवस धीर करून विचारलं, "वन्सं, तुम्हाला काही ऐकू येतं का हो?"

"काय?"

"आवाज. दोरा ओला करण्याचा."

वन्संनी मास्कच्या वरून माझ्याकडे पाहिलं. "येतो की. केव्हाचा येतोय."

"मग बोलला नाहीत?"

"अगं, डाव्या कानात येतो," त्या म्हणाल्या. "चाळीस वर्षांत त्या कानात कुणाची हाक गेली नाही. मला वाटलं, माझंच काहीतरी बिघडलं." आणि थोड्या वेळानं हळूच, "बरं वाटतं गं. तेवढाच एक आवाज येतो तिथे."

मला बरं वाटत नव्हतं. पण मी त्यांना तसं सांगितलं नाही.

सहा महिने असे गेले. एका सोमवारी मोजपट्टी पेटी घेऊन आली. "काकू, टोपडं परत आणलंय. चूक तुमची नाही. आमच्याकडे कॅमेऱ्याची बैठक बदलली, त्यामुळे कडेचा बंद दोन बोटं सरकवायचाय. गुरुवारी नेईन. आता हे शेवटचंच. पुढच्या महिन्यात यान जाईल."

आपली चूक नाही म्हटल्यावर मी ताठ झाले. पेटी आत घेतली, टोपडं दिव्याखाली धरलं. काय सुंदर काम होतं! टाके मोत्यांच्या सरीसारखे, एक इकडे नाही, एक तिकडे नाही. बंद सरकवायचा म्हणून मी कडेची दुमड चार टाके उसवली आणि आत पाहिलं. दुमडीच्या आत, जिथे कुणाचा डोळा जात नाही तिथे, दोऱ्याचं शेवटचं टोक होतं.

कात्रीनं कापलेलं टोक भिंगाखाली नखासारखं सरळ दिसतं. हे चपटं होतं, पिंजलेलं, चघळलेल्या काडीसारखं. दातानं तोडलेलं. आणि शेवटी जी दात लावते ती सुरुवातीला जीभ लावल्याशिवाय राहत नाही. अख्खी ती शिवण तोंडातून निघालेली होती. उष्टी.

भिंग माझ्या हातात होतं, हात स्थिर होता. पण मला तो मंगळवार दिसायला लागला.

त्या दिवशी वन्सं गुडघा धरला म्हणून घरी होत्या. आत आम्ही दोघीच. टोपड्याची शेवटची कड राहिली होती, दुसऱ्या दिवशी माल जायचा होता. तिनं तीनदा दोरा ओवायला घेतला, तीनदा टोक पिंजलं. हातमोज्यात बोटं थरथरत होती. म्हणाली, "आई, जरा बाहेर टेकू का मी? अंग कसकसतंय." मी मान वर न करता म्हटलं, "डोळे गेले असतील तर ऊठ, मी बसते तिथं. नसतील गेले तर दोरा ओव. लाडात यायचं ते माहेरी." मग ती शिवायला लागली. मला वाटलं, बघ, बोललं की होतं.

झालं कसं, ते आता भिंगाखाली होतं. मी मान खाली घालून शिवत असताना तिनं मास्क खाली ओढला होता आणि जन्मापासून जे येत होतं ते केलं होतं. थरथरत्या हाताला दुसरा उपाय काय?

त्या दुपारी आवाज आला नाही. पहिल्यांदाच. जणू माझ्या हातात काय आहे ते बघायला ती थांबली होती.

मोजपट्टी म्हणाली होती, माणूस ताऱ्यांकडे जाणार नाही. आणि इथे माझी सून निघाली होती. सुताच्या टोकाएवढी, पण निघाली होती. सगळ्या जगातून एक बाई, कुणाला न सांगता, तिकीट न काढता. खोटं कशाला सांगू, मला आधी अभिमानच वाटला. म्हटलं, शहाणेसुरते राहिले मागे, आणि आमच्या घरची पोहोचली. जाऊ दे तिला. चार टाके घालून दुमड बंद करावी, गुरुवारी पेटी द्यावी, विषय संपला.

कात्री उचललीसुद्धा होती. तेवढं पिंजलेलं टोक कापून टाकलं की कुणाच्या बापाला कळलं नसतं.

पण मोठेपणाच्या पांघरुणाखाली आपली लाज झाकायची, ही युक्ती मला लांबून ओळखू येते. आयुष्यभर नातेवाइकांची पाहिली आहे. मी तिला कुठे पाठवत होते? जिला नाक्यापलीकडे एकटीला जाववत नव्हतं, तिला मी सत्तर हजार वर्षांच्या अंधारात एकटीला लोटत होते. हाक मारायला कुणी नाही, दिवा नाही, परत यायची वाट नाही. आणि बरोबर शिदोरी काय दिली? तर माझं ते वाक्य. ते ऐकूनच तिनं दोरा तोंडात घेतला होता. थुंकी वाळेल, वाक्य कुठलं वाळतंय? वर ज्या डोळ्यानं सगळं बघायचं, तो तिच्याच पायी आंधळा व्हायचा. मेल्यावरसुद्धा बोल तिलाच.

पण सांगायचं म्हणजे फॉर्म भरायचा. काम बाद करायचं तर कारण लिहावं लागतं. कुणी, केव्हा, का. खाली मालकाची सही. मालक म्हणजे माझा मुलगा. तो मंगळवार मला आणि तिला, दोघींनाच माहीत होता. ती गेली होती. मी गप्प बसले तर तो कुणालाच माहीत नव्हता.

दोन दिवस मी टोपडं तसंच झाकून ठेवलं. मुलानं विचारलं, "आई, एवढ्याशा कामाला इतका वेळ?" म्हटलं, "तुझं काप तू." तो कापायला गेला. त्याचे केस मागून पांढरे व्हायला लागलेत, ते मला त्या दिवशी दिसले.

गुरुवारी मोजपट्टी झगा चढवून आत आली. मी पेटी पुढे केली नाही. म्हटलं, "मॅडम, हे देता येत नाही."

"का? फाटलं?"

"नाही."

"डाग पडला? केस निघाला?"

"उष्टं झालंय."

तिला कळेना. शिकलेल्या माणसाला साधा शब्द कधीकधी कळत नाही. मी भिंग दिलं, टोक दाखवलं. ती बराच वेळ बघत राहिली. मग खुर्चीवर बसली, तिसऱ्याच, आणि लगेच उठली. कुणाची ते आठवलं असावं.

"वहिनींनी केलेलं काम ना हे?"

"हो."

तिनं फॉर्म काढला. "काकू, यात रकाने आहेत. धूळ, तेल, केस, इतर. इतरमध्ये लिहिते मी. काम दूषित झालं."

"दूषित लिहू नका."

"मग काय लिहू?"

"उष्टं लिहा. दूषित म्हणजे घाण. तिचं तोंड घाण नव्हतं. लेकराचं उष्टं आई खाते, नवऱ्याचं बायको खाते, त्याला कुणी दूषित म्हणतं का?"

"पण वरच्या साहेबांना हा शब्द..."

"साहेबांना आई असेल ना? तिला विचारतील."

तिनं लिहिलं. इतर, आणि पुढे उष्टं. मग पेन थांबवून हळू आवाजात म्हणाली, "कारणाच्या जागी 'माहीत नाही' लिहिलं तरी चालतं, काकू. त्या गेल्या. आता कुणाला कशाला..."

ती भल्यासाठीच सांगत होती. आणि मला ते फार हवं होतं. दाराच्या काचेतून मुलगा दिसत होता, साच्यावर वाकलेला.

"पेन द्या," मी म्हटलं.

माझी शाळा चौथीपर्यंतची. शिवण सरळ येते, अक्षर येत नाही. रकाना पुरला नाही, मी कडेनं लिहिलं. 'सुनेला ताप होता. थांबू का म्हणाली. मी नाही म्हटलं, वाईट बोलले. हात थरथरत होता म्हणून तिनं दोरा तोंडात घेतला. काम तिचं चांगलं आहे. चूक माझी.' सहा वाक्यांना पाव तास लागला. मोजपट्टी भिंतीकडे बघत उभी होती.

मग मी दार उघडून फॉर्म मुलापुढे ठेवला. त्यानं वाचला. माझं अक्षर वाईट, म्हणून त्याला वेळ लागला, की दोनदा वाचला, मला माहीत नाही. सही केली. कापायची सुरी पुन्हा हातात घेतली आणि म्हणाला, "नवीन टोपड्याचे थर संध्याकाळपर्यंत देतो." बस. एवढंच.

जुनं टोपडं मोजपट्टीनं थैलीत घातलं, वर लाल चिकटपट्टी लावली. नियमाप्रमाणे ते भट्टीत जाणार होतं. मी म्हटलं, "मॅडम, भट्टी जवळ आहे ना? इथेच, याच गावात?" ती म्हणाली, "हो काकू, इथेच." माझा जीव जरा भांड्यात पडला. लांब जाणार नव्हती.

नवीन टोपडं मी शिवलं. चांगलं झालं, तिच्याइतकं नाही. हे मी मोजपट्टीला सांगितलं, वन्संना सांगितलं, मुलालाही ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. आता सांगून काय उपयोग, पण सांगितलं. मुलगा माझ्याशी कामापुरतं बोलत होता. आई, पट्टी. आई, दार. ताट वाढलं की जेवायचा, उठायचा.

महिन्यानं यान गेलं. सकाळी दहाला मोजपट्टीचा फोन आला. "गेलं काकू, व्यवस्थित गेलं."

"पोचलं की कळवायला सांग," वन्सं माझ्या खांद्यावरून ओरडल्या.

फोन ठेवला. आम्ही झगे चढवून आत गेलो. मला वाटत होतं, आता खोली मोकळी होईल. ती निघाली होती, मी तिला अर्ध्या वाटेवरून परत बोलावलं, तिच्या माथ्यावरचा बोल माझ्या नावावर घेतला. आता तिला काय राहिलं? माणूस ताऱ्यांवर जाणार का, असं मला आता कुणी विचारलं तर मी सांगेन, एकच निघाली होती, तिला मी जाऊ दिलं नाही.

दुपारी मी सुई उचलली आणि आवाज आला. च्. पण या वेळी खुर्चीकडून नाही. अगदी जवळून, माझ्या मास्कच्या पलीकडून, जणू तिनं माझ्या हातातलंच टोक घेतलं होतं. मी परत बोलावलं होतं. बोलावल्यावर येणारच की.

वन्संनी डाव्या कानावर हात ठेवला आणि डोळे मिटून बसल्या.

तेवढ्यात दार उघडलं. मुलगा आत आला. तो आत येत नाही, त्याचं काम बाहेर. टोपी, मास्क, झगा, सगळं नीट चढवून आला होता. सरळ तिसऱ्या खुर्चीकडे गेला आणि बसला. खुर्ची त्याला लहान पडत होती. गुडघे टेबलाला लागले.

"आई."

"काय?"

"तू तसं बोललीस, तेव्हा ती काय म्हणाली?"

मी सुई टेबलावर ठेवली. टाका अर्धाच होता.

"फॉर्मात ते नाही लिहिलंस," तो म्हणाला. "तुझं सगळं लिहिलंस. ती काय म्हणाली ते नाही."

"काही विशेष नाही."

"काय म्हणाली?"

"'हो, आई' म्हणाली."

छतातून हवा खाली येत होती. मास्कच्या वर त्याचे डोळे तेवढे दिसत होते. लहानपणी ताप आला की असेच दिसायचे.

"कसं म्हणाली?"

"कसं म्हणजे?"

"रागानं? रडत? कसं? तिच्यासारखं म्हणून दाखव."

मला कुणी असं काही करायला सांगावं आणि मी करावं, असं माझ्या आयुष्यात झालेलं नाही. वन्सं बघत होत्या. मी मास्क नीट केला. तिचा आवाज मला पाठ होता, पाठ होता म्हणून तर आठ महिने झोप नव्हती. शेवटचं अक्षर ती जरा लांबवायची, दमलेली असली की जास्त.

"हो, आई," मी म्हटलं.

माझ्या तोंडून आवाज तिचा निघाला. इतका तिचा की वन्संच्या हातून रीळ सुटलं आणि गडगडत टेबलाखाली गेलं. कुणी उचललं नाही.

मुलानं डोळे मिटले. हातमोज्यातल्या बोटांनी टेबलाची कड घट्ट धरली होती.

"अजून एकदा," तो म्हणाला.

मी म्हटलं.

"अजून."